नाताळच्या उन्हात माडाची सावली आणि त्रैराशिक

नाताळच्या सुट्टीत भाची आमच्याकडे गोव्यात फोंड्याला आली होती. नववीत आहे, आणि गुणोत्तर-प्रमाण म्हटलं की तिचं एकच ठरलेलं, तिरकस गुणाकार करायचा आणि मोकळं व्हायचं. म्हटलं चल, वही बाजूला ठेव, टेप घे आणि अंगणात ये. दुपारचे साडेबारा झालेले. एक मीटरची काठी सरळ उभी धरली, तिची सावली भरली ८० सेंटिमीटर. मग लगेच माडाची सावली मोजली, बुंध्यापासून शेंड्याच्या सावलीपर्यंत, ती भरली ११२० सेंटिमीटर. आता सांग, माड केवढा?

तिने पटकन मांडलं आणि उत्तर काढलं ८९६ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास नऊ मीटर. आकडेमोडीत एकही चूक नव्हती. मी फक्त एवढंच विचारलं, काठी मोठी का तिची सावली मोठी? काठी. मग माड मोठा का त्याची सावली? ती थोडा वेळ माडाकडे बघत राहिली आणि मग आपणहून ८९६ खोडलं. ११२० गुणिले १०० भागिले ८०, म्हणजे १४००. माड चौदा मीटर.

मला वाटतं प्रमाणाच्या गणितातलं खरं काम हेच आहे, गुणाकाराच्या आधीचं. काय वाढलं की काय वाढतं, काय कमी होतं, किती पटीने होतं, हे आधी मनात नक्की व्हायला हवं, आकडे मग कसेही मांडा.

हे का जमतं, ते पण बघूया. सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटर लांब, त्यामुळे आपल्या अंगणात येणारे किरण एकमेकांना समांतरच धरायचे. काठीचा त्रिकोण आणि माडाचा त्रिकोण, दोन्हीत एक काटकोन आणि उन्हाचा कोन पण तोच, म्हणजे कोको कसोटीने (दोन कोन सारखे असले की झालं) दोन्ही समरूप, आकार तोच, फक्त लहान-मोठे. उंची भागिले सावली हा आकडा दोघांचा सारखाच येणार. फक्त दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायच्या, जमीन सपाट हवी, आणि माड सरळ हवा! वाकलेला असेल तर शेंड्याच्या बरोबर खाली जमिनीवर जो बिंदू येतो तिथून मोजायचं, बुंध्यापासून नाही. मंगेशीच्या देवळासमोरच्या सात मजली दीपस्तंभाची उंची अशीच काढता येईल, पण तिथे स्तंभाचा तळ रुंद आहे, म्हणून सावली कडेपासून मोजली तर तळाची अर्धी रुंदी त्यात मिळवावी लागेल. हे मिळवायला लोक हमखास विसरतात.

आपल्याकडे या हिशोबाला त्रैराशिक म्हणतात आणि नियम आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिलाय. तीन राशी, प्रमाण, फळ आणि इच्छा. फळाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. आमच्या अंगणात ८० हे प्रमाण, १०० हे फळ, ११२० ही इच्छा. भास्कराचार्यांनी लीलावतीत, ११५० च्या सुमारास, आणखी एक कामाची गोष्ट बजावून सांगितली की प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात आणि फळ वेगळ्या जातीचं. सावली आणि सावली कडेला, उंची मधे. भाचीने नेमकी इथेच अदलाबदल केली होती.

उलटं प्रमाण पण असतंच, त्याला व्यस्त त्रैराशिक म्हणायचे. चवथीच्या आधी घर रंगवायला चार रंगारी सहा दिवस घेत असतील तर तिघांना आठ दिवस, कारण काम एकूण एका माणसाच्या २४ दिवसांचंच. इथे भागाकार बदलत राहतो, गुणाकार मात्र कायम.

आता मासळी बाजारातली गोष्ट, ही मला सगळ्यात आवडते. बांगड्यांचे दोन वाटे समोर आहेत, एकात २० सेंटिमीटरचे, दुसऱ्यात २५ सेंटिमीटरचे. डोळ्याला वाटतं मोठा बांगडा पाव हिश्श्याने मोठा, म्हणजे पाव हिस्सा जास्त पैसे दिले की झालं. पण मासा नुसता लांबीत वाढत नाही ना, तो रुंदीत वाढतो, जाडीत पण वाढतो. लांबी सव्वापट, रुंदी सव्वापट, जाडी सव्वापट, तिन्हींचा गुणाकार केला तर येतं १.९५, म्हणजे आकार तसाच असेल तर वजन जवळपास दुप्पट! एका मोठ्या बांगड्याला दोन छोट्यांचा भाव सांगितला तर मासेवाली फसवत नाहीये, तिचा हात वजन ओळखतो. क्षेत्रफळाचं पण तसंच, तिथे दोनदा गुणायचं. ३० सेंटिमीटर व्यासाचा घावन २० च्या घावनाच्या दीडपट नसतो, सव्वादोन पट असतो, पीठ त्याच जाडीने पसरलं तर तेवढंच जास्त लागणार.

आणि काही ठिकाणी वाढतं तर आहे पण प्रमाणच नाही, तिथे पोरं सगळ्यात जास्त फसतात. समजा पायलटवाला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, पहिल्या किलोमीटरला २० रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १० रुपये घेतो. तीन किलोमीटरला ४० झाले, मग सहाला ८०? नाही, ७०. भाडं वाढतंय, एका चालीने वाढतंय, आलेख काढला तर सरळ रेषा पण येईल, पण ती शून्यातून जात नाही. म्हणून मी भाचीला सांगितलं की आधी दुप्पट करून बघ, हे दुप्पट केलं तर ते खरंच दुप्पट होतं का, निम्मं होतं का, चौपट किंवा आठपट होतं का, आणि यातलं काहीच नसेल तर त्रैराशिक लावूच नको.

रात्री जेवताना तिने विचारलं, मग ही काठी कधीही उभी केली तरी सावली ८० च का? नाही ग, गोव्यात भर दुपारची सावली डिसेंबरच्या शेवटी सगळ्यात लांब पडते, काठीच्या साधारण ०.८ पट, मग सूर्य रोज थोडा थोडा वर सरकतो. मे महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस तो साडेबाराच्या सुमाराला बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्याच पायाखाली जाते, माडाची पण. त्या घटकेला प्रमाणच शून्य, आणि शून्याने भागायचं कसं? मे मध्ये परत येणार म्हणालीय, काठी मी जपून ठेवलीय.