मार्गशीर्षातली पहाट आणि गुडघाभर पाणी

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच ओहोटीने अक्षी, नागाव, रेवदंडा या बाजूला वाळू-चिखलाची जी विस्तीर्ण सपाटी उघडी पडते, ती मात्र पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकणाऱ्याचे शेत आहे. कार्तिक-मार्गशीर्षात या शेतात केव्हा उतरायचे, हे ठरवताना तो दोन गोष्टी पाहतो: तिथी आणि पहाटेचा वारा.

तिथीचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. चंद्रामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे, म्हणून हा ठोकताळा पिढ्यान्‌पिढ्या टिकला. एवढ्या साध्या गुणाकारात बसवलेले खगोलशास्त्र मला फार मोलाचे वाटते. यावरून हेही निघते की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, ओहोटी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास येते आणि सूर्य उगवतो तेव्हा सपाटी उघडी असते. उलट अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा, त्या वेळी तिच्यावर पाणी पसरलेले असते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पावसाळा संपून आकाश निवळले की रात्री जमीन लवकर थंड होते आणि जमिनीकडून समुद्राकडे कोरडा मतलई वारा वाहू लागतो. कोरड्या वाऱ्याने बाष्पीभवन वाढते, आणि पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता मागे उरलेल्या पाण्यातूनच घेतली जाते. एका रात्रीत केवळ 1 मिलिमीटर पाणी उडून गेले, तर 30 सेंटिमीटर खोल पाणी सुमारे 2 अंशांनी निवते. 10 मीटर खोल पाण्यात तेवढ्याच बाष्पीभवनाने पडणारा फरक 0.06 अंशाच्या आसपास असतो. म्हणजे एकाच पहाटे खाडीचे तोंड उबदार आणि सपाटीवरची डबकी गार, अशी स्थिती होते. माशांचे शरीर पाण्याच्याच तापमानाचे असल्यामुळे पाणी निवले की त्यांची हालचाल, भूक आणि पचन मंदावते. कोकणात यापलीकडे काही होत नाही, पण टेक्सासच्या उथळ खाड्यांत फेब्रुवारी 2021 च्या कडाक्याच्या थंडीत किमान 38 लाख मासे मेले.

आता दोन्ही गोष्टी एकत्र मांडून पाहू. भांगाच्या दिवशी मध्यरात्रीनंतर सपाटीवर हळूहळू पसरलेले पाणी पहाटेपर्यंत तिथेच निवत राहते. उधाणाच्या दिवशी मात्र थंड हवेतले हे पातळ पाणी ओसरून गेलेले असते, काळपट चिखल कोवळे ऊन शोषून घेतो आणि आठ-नऊच्या सुमारास परतणारी भरती खोलातले, न निवलेले पाणी घेऊन त्यावर चढते. जाणता माणूस थंडीत पहाटेची घाई न करता या पाण्याची वाट पाहतो, ती याचसाठी.

त्या मधल्या वेळात वाकून चिखल जवळून पाहावा. त्यावर सोनेरी-तपकिरी साय धरलेली दिसते. हे डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल आहे. ओहोटी आणि उजेड एकत्र मिळाले की त्याच्या पेशी चिखलातून सरकत वर येतात, आणि पाणी परतण्याआधी पुन्हा खाली जाऊ लागतात. ज्या मागे राहतात, त्या भरतीच्या पहिल्या लाटेबरोबर सुटून पाण्यात मिसळतात. याच खाद्यासाठी बोईट हा मासा भरतीच्या काठाला धरून घोट्याएवढ्या पाण्यातही शिरतो. पाण्यावर बारीक शहारा उठतो, एखादे बोईट उसळी मारते, आणि पाग गोल उघडून त्या शहाऱ्याच्या थोडा पुढे पडतो; मागे पडला तर शिशाचे मणी पाण्याला टेकेपर्यंत थवा पसार झालेला असतो.

पागात आलेले बोईट घरी साफ करताना त्याच्या पोटात कोंबडीच्या पेट्यासारखा घट्ट, जाड गोळा हाताला लागतो. तो जठराचाच स्नायुमय भाग आहे. डायटमचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीचे असते; खाद्याबरोबर गिळलेल्या बारीक वाळूच्या कणांनी बोईट ते इथे भरडते.