स्टीफन हिस्लॉप: नागपूरचा पाद्री, मास्तर आणि दगडांचा जाणकार

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये टेंपल रोडवर हिस्लॉप कॉलेज आहे. ते १८८३ साली सुरू झाले. ज्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव त्याला दिले, ते त्याच्या वीस वर्षे आधी, १८६३ मध्येच वारले होते. म्हणजे कॉलेज त्यांनी पाहिलेही नाही. त्यांनी उभी केली ती एक शाळा, तीही भोसल्यांच्या राज्यात, जिथे कंपनी सरकारचा हात अजून पुरता पोचला नव्हता. शाळेच्या जोडीला त्यांचे आणखी दोन उद्योग होते: दगड गोळा करणे आणि गोंडांच्या कथा लिहून घेणे. माझ्या मते त्यांची खरी कमाई या दोन उद्योगांत आहे, आणि नावाचा बोर्ड रोज वाचणाऱ्या नागपूरकरांना नेमकी तीच ठाऊक नसते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या लहान गावी झाला. वडील गवंडीकाम आणि बांधकामाच्या धंद्यातले होते. किडे, शिंपले, दगड जमवायचा नाद पोराला लहानपणापासूनच होता. ते धर्मशास्त्र शिकत होते त्याच काळात स्कॉटलंडचे चर्च फुटले. पाद्री नेमण्याचा हक्क गावच्या जमीनदाराचा की मंडळीचा, असा तो वाद होता. १८४३ मध्ये थॉमस चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली चारशेहून अधिक पाद्र्यांनी पगार आणि राहती घरे सोडली आणि ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिंदुस्थानात काम करणारे जुन्या चर्चचे मिशनरीही, कलकत्त्याचे डफ आणि मुंबईचे विल्सन यांच्यासह, नव्या बाजूला गेले. इमारती मात्र जुन्या चर्चकडे राहिल्या. अशा ओढगस्तीच्या दिवसांत नागपूरला नवे ठाणे उघडता आले ते मद्रास फौजेतल्या कॅप्टन हिल यांनी दिलेल्या देणगीमुळे.

या फ्री चर्चची आणखी एक गोष्ट पुढच्या हकिगतीसाठी महत्त्वाची आहे. त्याची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या ‘विटनेस’ या वर्तमानपत्राचे संपादक ह्यू मिलर हे मुळात दगडफोडे होते आणि नंतर जीवाश्मांचे नामांकित अभ्यासक झाले. पृथ्वी लाखो वर्षे जुनी आहे असे मानणे आणि दर रविवारी प्रवचन ऐकणे यांत त्या मंडळींना विरोध दिसत नव्हता. हिस्लॉप अशा वातावरणातून आले, हे माहीत असले की ‘पाद्री असून जीवाश्म?’ हा प्रश्न पडत नाही.

१८४४ च्या अखेरीस हिस्लॉप मुंबईत उतरले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नागपूरला पोचले. रेल्वे नागपुरात आली १८६७ मध्ये, तेव्हा हा प्रवास बैलगाडी आणि घोड्यावरचा. शहरात तिसरे रघुजी भोसले गादीवर होते, सीताबर्डीला इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे दरबारावर नेमलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीची (रेसिडेंटची) कचेरी होती आणि कामठीला मद्रासी फौजेची छावणी. मिशनऱ्याच्या दृष्टीने ही अवघड जागा होती. मुंबईत १८३९ साली विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पारशी समाज खवळला, खटला झाला आणि बहुतेक पारशी मुले शाळेतून काढली गेली. पुढे १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलावरून कोर्टबाजी झाली आणि त्याच्या शुद्धीसाठी, म्हणजे त्याला परत हिंदू धर्मात घेण्यासाठी, बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. पण तिथे निदान कोर्ट तरी कंपनीचे होते. नागपुरात प्रजा राजाची, कायदा राजाचा, आणि रेसिडेंटला दरबाराशी बिघडवून घ्यायचे नव्हते. इथे एका विद्यार्थ्याच्या धर्मांतरावरून शाळा रिकामी होऊ शकली असती, शिवाय दाद मागायला जागा नव्हती.

तरी १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. इंग्रजीतून उच्च शिक्षण देऊन वरच्या थरातल्या तरुणांना वळवायचे, हे डफ यांचे कलकत्त्याचे सूत्र नागपूरला जसेच्या तसे चालणार नव्हते. इथे मराठीवाचून पुढे सरकता येत नव्हते आणि हिस्लॉप यांनी मराठी नीट शिकून घेतली. बायबलचा तास सक्तीचा असूनही नागपूरच्या घरांनी मुले पाठवली, त्यामागे साधा हिशेब होता: इंग्रजी येणाऱ्याला उद्या कारकुनी मिळेल. मास्तरांना आत्मे हवे होते, पालकांना नोकऱ्या. दोघांनीही एकमेकांची गरज ओळखून तडजोड केली. शेवटी पालकांचे बरेचसे साधले. धर्मांतरे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

डिसेंबर १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली झाली, तेव्हा मिशनच्या शाळेला हे दिवस बरे आले असे म्हणता येईल. पण हिस्लॉप नव्या सरकारचे भाट झाले नाहीत. नागपूरच्या ढिल्या कारभारावर त्यांनी ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या वर्तमानपत्रातून टीका केली. १८६१ मध्ये मध्य प्रांत वेगळा झाला आणि पाठोपाठ सर रिचर्ड टेंपल तिथे कारभारी म्हणून आले. त्या वेळी या मुलखाची, लोकांची आणि शाळांची सर्वांत पक्की माहिती असलेला गोरा माणूस म्हणजे हिस्लॉप, हे टेंपल यांनी लवकरच हेरले.

आता दगडांकडे. जून १८५१ मध्ये हिस्लॉप आणि हंटर नागपूरच्या पश्चिमेला टाकळीच्या बाजूला फिरायला गेले असता त्यांना काळ्या बेसॉल्टच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शंखांचा एक थर दिसला. याचा अर्थ मोठा होता. दख्खनचे पठार लाव्ह्याने बनले हे ठाऊक होते, पण तो लाव्हा एका दमात आला नव्हता. एक पूर येऊन थिजायचा, मधे मोठा विसावा जायचा, खोलगट जागी तळी साचायची, त्यांत गोगलगायी आणि भोवती झाडे वाढायची, आणि मग पुढचा पूर ते सगळे झाकून टाकायचा. टाकळीचा थर म्हणजे अशा एका विसाव्याची नोंद. हे थर आज सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनासोर नाहीसे झाले त्या सुमाराचे मानतात. हिस्लॉप यांनी त्यांना त्याहून अलीकडच्या काळात बसवले होते. पण शंखांची त्यांनी केलेली वर्णने अजून संदर्भ म्हणून वापरली जातात.

दोघांनी मिळून लिहिलेला नागपूर भागाच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापून आला. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एक चपटी कवटी ‘डायनासोर’ हा शब्द घडवणारे रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. ती एका प्राचीन उभयचराची निघाली आणि ओवेन यांनी तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. कामठी, सिलेवाडा इथल्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडले. तो थर पुढे ‘कामठी’ याच नावाने भूशास्त्रात रुळला. ज्या खडकमालिकेला नंतर ‘गोंडवन’ म्हटले गेले, आणि जिच्यावरून भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनी दक्षिणेकडच्या एका लुप्त खंडाची कल्पना मांडली, तिचाच तो एक भाग. टाकळीच्या एका हिरव्या कॅल्साइटला ‘हिस्लॉपाइट’ म्हणू लागले, आणि निसर्गअभ्यासक कार्टर यांनी १८५८ मध्ये गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याला ‘हिस्लोपिया’ असे नाव दिले. हंटर प्रकृतीमुळे १८५५ मध्ये मायदेशी परतले आणि पुढे कोशकार म्हणून नावाला आले. नागपूरचे दगड, शाळा आणि कामठीची मंडळी हिस्लॉप यांच्यावर राहिली.

शाळेच्या सुट्ट्यांत आणि हिवाळी दौऱ्यांत त्यांनी आदिवासी भागांत भटकंती केली. जमातींची नावे, देव, लग्नाच्या रीती, शब्दांच्या तुलनात्मक याद्या असे त्यांच्या टिपणांचे स्वरूप आहे. दृष्टी त्या काळच्या युरोपियनाचीच; कोणाला ‘रानटी’ म्हणायला त्यांची लेखणी अडत नाही. पण एका बाबतीत ते पुष्कळांच्या पुढे गेले. सारांश लिहिण्यावर न थांबता, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचे लांबलचक गीत परधानाच्या तोंडून ऐकून त्यांनी गोंडीतच, रोमन लिपीत उतरवून घेतले आणि शेजारी भाषांतर ठेवले. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. वंशकथा त्यांच्याच गळ्यात राहायच्या. या गीतात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि वर शिळा लावतो, फुलातून जन्मलेला लिंगो बिंदो पक्ष्याची पिल्ले आणून त्यांना सोडवतो, आणि मग त्यांची कुळे पाडून देतो.

हे कागद त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. सप्टेंबर १८६३ मध्ये नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट इथली शिळावर्तुळे, म्हणजे गोलाकार मांडलेले प्राचीन दगड, उकरून पाहण्यासाठी टेंपल यांच्याबरोबर ते गेले होते. बाकीचे बोरीच्या मुक्कामाकडे पुढे निघाले. हिस्लॉप गावची शाळा पाहायला मागे थांबले आणि नंतर घोड्यावरून एकटेच निघाले. पावसाने नाला फुगलेला होता. ४ सप्टेंबरला ते त्यात बुडून मरण पावले. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस होते.

टेंपल यांनी टिपणे जमवली, स्वतःच्या टीपा जोडल्या आणि १८६६ मध्ये नागपूरलाच छापून काढली. शाळेतून वाढलेल्या कॉलेजला सुरुवातीला कलकत्ता विद्यापीठाची संलग्नता होती, कारण नागपूर विद्यापीठ १९२३ चे. टाकळघाटची रीतसर उत्खनने व्हायला त्याहून वेळ लागला. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा इथे खणून ही शिळावर्तुळे म्हणजे लोहयुगातील माणसांची दफने असल्याचे पुराव्यानिशी मांडले.

लिंगोच्या गीतावरचा वाद मात्र अजून चालू आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेला माघ पौर्णिमेला जाणारे भाविक तीच गुहा पारी कुपार लिंगोने उघडली असे मानतात. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंडी अभ्यासकांनी त्या परंपरेची मांडणी कोयापुनेमच्या, म्हणजे गोंडांच्या स्वतःच्या धर्माच्या, अंगाने नव्याने केली. त्यांच्या बाजूचा आक्षेप असा, की हिस्लॉप यांच्या पाठात महादेव-पार्वतीचा हिंदू थर बराच चढलेला आहे, आणि तो एका सांगणाऱ्याचा, एका भागातला पाठ आहे. आक्षेपात तथ्य आहे. शहराजवळच्या परधानाकडून ऐकलेली कथा बस्तरची किंवा आदिलाबादची कथा नव्हे. पण हा आक्षेप घेता येतो तोही मूळ गोंडी ओळी समोर आहेत म्हणून. नुसते इंग्रजी भाषांतर हाती उरले असते, तर कोणता शब्द गायकाचा आणि कोणता पाद्रीबुवांचा, हे तपासायला काहीच नसते.