हिटलरने जेसी ओवेन्सशी हात मिळवला नाही, हे कितपत खरं?

ऑलिम्पिक आलं की हा किस्सा हमखास फिरतो: बर्लिन, 1936, कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटू जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं पटकावली आणि हिटलर हात न मिळवता तणतणत निघून गेला. गोष्ट झकास आहे, पण अशी घडली नाही.

2 ऑगस्टला हिटलरने काही जर्मन आणि फिनिश विजेत्यांचं अभिनंदन केलं. उंच उडी जिंकणाऱ्या कॉर्नेलियस जॉन्सनची वेळ येण्याआधी मात्र तो स्टेडियममधून गेला. डावललं गेलंच असेल तर या दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूला. मग ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांनी बजावलं: अभिनंदन करा तर सगळ्यांचं, नाहीतर कुणाचंच नको. हिटलरने जाहीर हस्तांदोलनच थांबवलं. ओवेन्सचं पहिलं सुवर्ण त्यानंतरचं, 3 ऑगस्टचं.

हिटलरचा वर्णद्वेष यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण या किश्श्याआड अमेरिका सहीसलामत सुटते. बर्लिनच्या ऑलिम्पिक ग्राममध्ये ओवेन्स गोऱ्या सहकाऱ्यांसोबत राहिला. न्यूयॉर्कला परतल्यावर वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात, तेही स्वतःच्याच सत्काराला, त्याला मालवाहू लिफ्टने जावं लागलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची साधी तारही आली नाही, हे त्याच वर्षी ओवेन्सनेच जाहीरपणे सांगितलं होतं.