शरणपूर (नाशिक)

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या संस्थेने (पुढे नुसतं 'सोसायटी' म्हटलंय) एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नाशिकच्या वेशीबाहेर वसवलेली ख्रिस्ती वस्ती. आता शहर तिच्याही पार पुढे गेलंय आणि शरणपूर रोड म्हटलं की कॅनडा कॉर्नर, पालिका बाजार आणि संध्याकाळचा ट्रॅफिक एवढंच आठवतं. पण पूर्व आफ्रिकेत गुलामांसाठी गावंच्या गावं जाळली जात होती त्या काळात तिथून पकडून नेलेली आणि समुद्रात जहाजांवरून सोडवलेली पोरं याच ठिकाणी वाढली, शिकली, आणि त्यातली काही पुढे परत जाऊन तिथल्या पळून आलेल्या गुलामांच्या पाठीशी उभी राहिली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात, स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं.

नाव : शरण अधिक पूर ही फोड सरळ आहे, वाद आहे तो कोणाला शरण आणि कोण शरण. बायबलच्या जुन्या करारात (गणना ३५, यहोशवा २०) सहा आश्रयाची नगरं सांगितलीत, हातून नकळत कोणी मेलं तर सूड घेणाऱ्यापासून वाचायला माणसाने तिथे पळून जायचं. नाव या कल्पनेवरून घेतलं असावं हे मत जास्त पटतं, कारण मिशनच्या इंग्रजी लिखाणातही 'आश्रयाचं नगर' असाच अर्थ दिलेला सापडतो. 'येशूला शरण आलेल्यांचं गाव' असा अर्थही लावतात, मराठीत शरण जाणे म्हणजे हार मानणे असंही होतं त्यामुळे तो चिकटला असणार, पण तो मागाहूनचा वाटतो. एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. आफ्रिकी मुलांमुळे हे नाव पडलं असं बरेच जण सांगतात, ते कालक्रमात बसत नाही. वस्ती आधीची आहे, बाप्तिस्मा घेतल्यावर घरादारातून आणि जातीतून बाहेर पडलेल्या इथल्याच मराठी माणसांसाठी केलेली, आफ्रिकी मुलं काही वर्षांनी आली. म्हणजे पहिले शरणार्थी नाशिक जिल्ह्यातलेच.

काळ : सोसायटीचं नाशिकमधलं काम १८३२ पासूनचं. वस्तीचं साल कुठे १८५४ तर कुठे १८५५ दिलेलं असतं. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने ती उभी केली यावर दुमत नाही. जागा घेणं, घरं बांधणं आणि माणसं राहायला येणं या तीन गोष्टी एका वर्षात झाल्या नसाव्यात म्हणून दोन्ही सालं आपापल्या जागी बरोबर असू शकतात, एकच घ्यायचं तर १८५४ घ्यावं. आफ्रिकी मुलांचा आश्रम आधी मुंबईकडे होता, तो १८६० च्या सुमाराला इथे आला. हे काम कार्ल विल्हेल्म आयझेनबर्गचं, त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. हा जर्मन माणूस आधी इथिओपियात होता, अम्हारिक भाषेचं व्याकरण आणि कोश त्याने केलेत, तिथून निघावं लागल्यावर मुंबईला आला. सोडवलेल्या मुलांत गल्ला म्हणजे आजचे ओरोमो लोकही असत, त्यांच्या मुलखाची माहिती असलेला माणूस तेव्हा मुंबई इलाख्यात दुसरा क्वचितच असेल.

मुलं कशी यायची : न्यासा सरोवराच्या (आजचं मलावी) भोवती याओ, मांगांजा, मकुआ यांच्या गावांवर धाडी पडायच्या, एका जमातीला बंदुका द्यायच्या आणि दुसरीची माणसं घ्यायची असा तो धंदा होता, युद्धामुळे गुलाम मिळत आणि गुलामांमुळे युद्ध चालू राही. धरलेली माणसं झांझिबारच्या (पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट) बाजारात, तिथून शिडाच्या गलबतांनी अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे. ब्रिटिश आरमार गलबत पकडायचं तेव्हा सुटलेल्यांना परत कुठे सोडणार हा प्रश्न यायचा, किनाऱ्यावर उतरवलं तर आठवड्यात पुन्हा विकले जाणार, म्हणून एडन किंवा मुंबई. मुंबईत पोलीस कमिशनरच्या ताब्यात देत आणि तिथून पुढे घरकामाला किंवा मिशनकडे. शरणपुरात लिहिणं-वाचणं आणि सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम, शेती शिकवत. नावं बदलली जात. चेंगविम्बे नावाचा याओ मुलगा इथे मॅथ्यू वेलिंग्टन झाला आणि त्याच नावाने १९३५ मध्ये मोम्बासाला (आजच्या केनियातलं बंदर) वारला. आश्रय देताना नाव काढून घेतलं ही गोष्ट सहज म्हणून सोडून देऊ नये. तरी एक धरून ठेवावं, या मुलांच्या हाताला कौशल्य मिळालं आणि पुढचा सगळा इतिहास त्या हातांनीच घडवलाय.

लिव्हिंग्स्टनचा संबंध : लिव्हिंग्स्टनचा प्रत्येक आफ्रिकी सोबती नाशिकचा समजतात, इथे फार घोळ आहे म्हणून सविस्तर. १८६१ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन (आफ्रिकेत हिंडलेला स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक) आणि बिशप मॅकेन्झी यांनी शिरे नदीच्या भागात गुलामांचा तांडा अडवून माणसं सोडवली, त्यात पुढे लिव्हिंग्स्टनचा सोबती झालेला चुमा होता. पुढे मॅकेन्झी मांगांजांच्या बाजूने याओंशी प्रत्यक्ष लढाईत उतरला आणि १८६२ मध्ये तापाने गेला, त्याच्या मिशनला (ही संस्था वेगळी, सोसायटी नव्हे) तो भाग सोडून झांझिबारला जावं लागलं. धर्माच्या नावाने आलेल्या मदतीने बंदूक धरली की काय होतं याचं हे उदाहरण त्या काळातही सोसायटीच्या लोकांना माहीत होतं. चुमा 'नाशिकचा' नाही, तो मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत होता. लिव्हिंग्स्टनचा दुसरा सोबती सुसी, तोही नाशिकचा नाही. संशोधकांचा वाटाड्या सिदी मुबारक बॉम्बे तर अजिबात नाही, नावात बॉम्बे आहे एवढंच. नाशिकचे म्हणजे १८६६ च्या प्रवासात लिव्हिंग्स्टनबरोबर गेलेले नऊ जण, त्यातले काही वाटेत सोडून गेले, गार्डनरसारखे टिकले. दुसरी तुकडी १८७२ ची, लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठीच्या मदत मोहिमेसाठी गेलेली आणि मग स्टॅन्लीने (लिव्हिंग्स्टनला शोधून काढणारा पत्रकार) पाठवलेल्या माणसांत सामील झालेली. जेकब वेनराइट, कॅरस फारार, मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यातले.

आजच्या झाम्बियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा या माणसांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, देहाला मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवला आणि दीड हजार किलोमीटरच्या वर चालत किनाऱ्यावर बागामोयोला आणला. प्रार्थना वाचली जेकबने आणि त्या झाडावर नाव-तारीख कोरली तीही जेकबनेच. कोरलेली तारीख ४ मे १८७३ आहे, लंडनच्या कबरीवर १ मे. रानात हिंडताना दिवसांचा हिशोब चुकला असेल, १ मे ग्राह्य धरतात आणि इथेही तीच धरली आहे, पण ४ मे लिहिणारा माणूस त्या जागी उभा होता हे विसरू नये. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदेकऱ्यांत जेकब होता, आफ्रिकेतून देहासोबत गेलेला तो एकटाच. लिहायला तो शरणपुरात शिकला.

परतीचा प्रवास : त्याच्या आधीच, १८६४ मध्ये नाशिकचेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोम्बासाजवळच्या रबाईला रेबमान या सोसायटीच्या मिशनऱ्याच्या मदतीला गेले होते. १८७३ मध्ये बार्टल फ्रिअर (आधी मुंबईचा गव्हर्नर) झांझिबारला वाटाघाटीला गेला, सुलतान बरघाशने जूनमध्ये करार करून गुलामांचा बाजार बंद केला. मग आश्रय भारतात कशाला, तिकडेच वस्ती करू, या विचारातून प्राइस १८७४ च्या शेवटी मोम्बासाला गेला, इथले आफ्रिकी लोकही तिकडे गेले आणि फ्रिअरटाउन वसलं. थोडक्यात दुसरं शरणपूर, आणि ते चालवणारे कारागीर, शिक्षक नाशिकचे. धाडीची चाहूल लागली की वाजवायला तिथे एक घंटा टांगली होती, तो चौक अजून केंगेलेनी म्हणजे 'घंटेपाशी' या नावाने ओळखला जातो. सगळं गोड नव्हतं. तिथल्या गोऱ्या सुपरिटेंडेंटने वस्तीतल्याच माणसांना फटके आणि कोठडी दिल्याचं उघड झालं, १८८१ च्या सुमाराला चौकशी होऊन त्याला काढावं लागलं. ज्यांना साखळ्यांतून सोडवलं त्यांनाच पुन्हा फटके, हे वाचताना आजही पोटात तुटतं.

१८८८ चं रबाई प्रकरण या सगळ्याचा गाभा आहे आणि मराठीत त्यावर फारच कमी लिहिलं गेलंय. पळून आलेले गुलाम जोन्सच्या वस्तीत राहत होते, संख्या वाढत गेली, मोम्बासाचे मालक आपली माणसं परत मागू लागले आणि वस्तीवर हल्ला होणार असं वातावरण तयार झालं. परत दिलं तर विश्वासघात, नाही दिलं तर रक्तपात. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने मालकांना भरपाई देऊन प्रश्न मिटवला आणि १ जानेवारी १८८९ ला चौदाशेच्या आसपास लोकांना मुक्ततेचे कागद मिळाले. श्रेय बहुतेक वेळा कंपनीला आणि प्राइसला जातं. प्रस्तुत नोंदकर्त्याला वाटतं ते आधी जोन्सला द्यावं, कारण कंपनी येण्याआधी त्या लोकांना हाकलून न देता धरून ठेवणारा माणूस तोच, आणि आपण स्वतः कशातून आलो हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याला पूर्ण पाळकपद मिळायला मात्र १८९५ उजाडलं.

नंतरचं शरणपूर : आफ्रिकी मंडळी गेल्यावर इथे मुख्यतः मराठी ख्रिस्ती कुटुंबं राहिली, शाळा आणि अनाथाश्रमाचं काम १८७६-७८ च्या दुष्काळात वाढलं. सेंट अँड्र्यूज चर्च आजही वापरात आहे. वस्तीचं नाव रस्त्याला आणि बाजाराला लागलं.