ओटी पिवळी, बाटली काळी: पाण्याच्या दोन तपासण्यांचा घोळ

"आपल्या गावचं पाणी पॉझिटिव्ह आलंय." पावसाळा लागला की ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप गटावर हे वाक्य हमखास पडतं. निम्मे लोक घाबरतात, निम्मे अंगठा दाखवतात, आणि कोणती तपासणी हे कुणी विचारत नाही. ओटी, म्हणजे क्लोरीनची तपासणी, पॉझिटिव्ह म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, बरं झालं. जैविक तपासणी पॉझिटिव्ह म्हणजे पाणी दूषित, वाईट झालं. माझ्या हातात असतं तर पाण्याच्या नोंदवहीतून हा शब्दच हद्दपार केला असता. 'क्लोरीन आढळला', 'पाणी दूषित' असं लिहायला कुणाचा हात मोडत नाही.

ओटी म्हणजे ऑर्थोटोल्युडीन तपासणी: नळाचं पाणी, ऑर्थोटोल्युडीनचे थेंब, पिवळा रंग. एवढंच सांगतो, तपासलेलं पाणी फेकून द्या, हंड्यात परत ओतू नका. ते रसायन पोटात जाण्यासारखं नाही. जैविक तपासणीसाठी गावात एचटूएसची बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची, 24 ते 48 तासांत काळी पडली तर पाणी दूषित. प्रयोगशाळा आणखी नेमकं सांगते. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, अजिबात सापडता कामा नये. फ्लोराइड आणि नायट्रेट या दोन्ही तपासण्यांत कळत नाही, त्यासाठी रासायनिक तपासणी वेगळी.

खरी गफलत पुढे आहे. ओटी औषध, म्हणजे क्लोरीन, मोजते, बाटली घाण शोधते. औषध दिसलं म्हणजे घाण मेलीच, असं धरून चालणारे फार. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओतून पाच मिनिटांत ओटी घेतली तर रंग झकास येईल, पण क्लोरीनला काम करायला निदान अर्धा तास लागतो. पाणी गढूळ असेल तर बराच क्लोरीन मातीकचऱ्यावरच खर्च होतो आणि जंतू कणांच्या आडोशाला बसतात. सांडपाणी मिसळलं असेल तर त्यातल्या अमोनियाशी क्लोरीनचा संयोग होतो. हा संयुक्त क्लोरीन जंतू मारायला फार मंद, पण ओटीत रंग देतोच, फक्त जरा उशिरा. म्हणून रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा. नळी खिशात घालून चहा पिऊन येऊन 'पिवळी झाली' लिहिणाऱ्यांना माझा दंडवत.

उलट बाजूही तितकीच फसवी. ओटीला रंग आला नाही म्हणजे पाणी दूषितच, असंही नाही. क्लोरीनच्या राखणीविना ते उघड्यावर पडलंय इतकंच. आपल्याकडे नळ दिवसातून तास-दोन तास येतो. पंप बंद झाला की पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा तो या चोरट्या पाण्यासाठी. म्हणूनच टाकीखालच्या नळाची ओटी मला कुणी दाखवू नये. शेवटच्या वस्तीचा शेवटचा नळ दाखवा. आणि ही तपासणी रोजची, कारण बाटली काळी पडेपर्यंत ते पाणी गावाने पिऊन संपवलेलं असतं.

प्रयोगशाळेच्या नमुन्यात तर याहून मोठी चूक होते. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने विसळून भरतात, ते बरोबर. तोच हात जैविक तपासणीच्या निर्जंतुक बाटलीवर चालतो. त्या बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. पाणी भरताक्षणी ते क्लोरीन निष्प्रभ करतं, म्हणजे नळाशी जशी स्थिती होती तशीच प्रयोगशाळेत पोहोचते. विसळलं की ते वाहून जातं, क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो, आणि अहवाल येतो 'पिण्यास योग्य'. अहवाल खोटा नसतो, फक्त तो गावाने प्यायलेल्या पाण्याचा राहत नाही.

टीसीएलबद्दल थोडक्यात. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. 1000 लिटरला 5 ग्रॅम टाकली तर लिटरमागे 1.65 मिलिग्रॅम पडतो. ओल धरलेल्या उघड्या पोत्यातली पावडर 20 टक्क्यांवर उतरली की त्याच मापात 1 मिलिग्रॅमच. चमचा तोच, पाणी वेगळं.

आता एकाच नळावर ओटी पिवळी आणि बाटली काळी आली तर? बहुतेक ठिकाणी लगेच दुप्पट पावडर पडते. आधी वेळ विचारा: पावडर किती वाजता पडली, नळ किती वाजता सुटला. मधे अर्धा तास गेला असेल, तर गटाराला लागून जाणारी पाइपलाइन उघडून बघा आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचलंय का तेही पाहा.