गाजराच्या रसाने चष्मा सुटत नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाजरं घेताना कुणीतरी सांगतंच, ‘रोज रस घ्या, चष्मा सुटेल.’ नाही सुटत. नंबर डोळ्याच्या आकारामुळे लागतो. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर येतो तो रातांधळेपणा.

शिवाय गाजरात तयार ‘अ’ नसतंच, बीटा-कॅरोटीन असतं. लहान आतड्याच्या पेशीत ते तुटून रेटिनाल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप, बनतं. तिथे आरबीपी-२ नावाचं, जेमतेम १३४ अमिनो आम्लांचं प्रथिन त्याला धरतं. आकाराने हे प्रथिन म्हणजे दहा पट्ट्यांचं पिंपच म्हणा, तोंडाशी दोन आखूड वेटोळ्यांचं झाकण. धरलेल्या रेटिनालचं रेटिनॉल, हे ‘अ’चंच दुसरं रूप, होतं, मग मेदाम्ल जोडलं जाऊन ते लसिकेतून (लिम्फमधून) पुढे, बरंचसं यकृतात साठायला.

कॅरोटीन शोषायला स्निग्धांश लागतो. म्हणून नुसत्या रसापेक्षा खोबरं घातलेली तांबडी भाजी (लाल माठ) केव्हाही बरी.