गडचिरोलीचा पैसा कुणाच्या हातून गेला?

ठाण्यातल्या सरकारी कचेऱ्यांत साहेबांशी खटका उडाला की शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणतंच, "जपून रे बाबा, गडचिरोलीला टाकतील." ही धमकी इतकी मुरलेली आहे की शासनाला अखेर तिच्यापायी पैसे मोजावे लागले. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता लागू झाला. तरीही पदं रिकामी राहायची ती राहिलीच. अभियंता नाही, ग्रामसेवक नाही, डॉक्टर रजेवर, अशा तालुक्यात मंजूर निधी खर्च तरी कोण करणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नक्षलवादाने सर्वाधिक ग्रस्त जिल्ह्यांची यादी आणखी छाटली. एप्रिलपर्यंत त्या यादीत देशातले ६ जिल्हे होते आणि महाराष्ट्रातून एकटं गडचिरोली. ऑक्टोबरनंतर छत्तीसगडमधले विजापूर, सुकमा आणि नारायणपूर एवढे ३ उरले. त्याच महिन्यात माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. तेव्हापासून 'स्टील हब', रस्ते, विमानतळ असे शब्द त्या जिल्ह्याच्या बातम्यांत रोज दिसतात. त्यामागची ४५ वर्षं मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसतात. खरं तर ठाण्याचा त्या जिल्ह्याशी एक थेट धागा आहे. २०२० ते २०२२ या काळात एकनाथ शिंदे एकाच वेळी ठाणे आणि गडचिरोली अशा दोन्ही जिल्ह्यांचे पालकमंत्री होते.

या दोन जिल्ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०.७२ लाख. त्याच जनगणनेत एकट्या ठाणे शहरात १८.४१ लाख माणसं होती. तीन चतुर्थांशाहून जास्त जमीन जंगलाखाली, वस्त्या विखुरलेल्या, मध्ये नद्या. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी वाटताना लोकसंख्येला वजन असतं. रस्ता मात्र माणसं मोजून बांधता येत नाही, तो अंतर मोजूनच बांधावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं आणि पलीकडच्या शंभरावर गावांचा संपर्क जातो. ही बातमी दरवर्षी छापून येते, जवळपास त्याच शब्दांत.

सुरुवात १९८० पासून करावी लागते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राचा वन संवर्धन कायदा आला. जंगलातली जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर दिल्लीची परवानगी हवी, म्हणजे रस्ता, शाळा, तलाव, सगळंच फायलीत. आणि त्याच वर्षी गोदावरी-प्राणहिता ओलांडून आंध्रातल्या पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या सिरोंचा भागात उतरली. नोव्हेंबर १९८० मध्ये त्यांचा एक तरुण कार्यकर्ता, पेद्दी शंकर, सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीने मेला. महाराष्ट्रातल्या नक्षलवादाची गणती बहुधा तिथूनच होते. दोन गोष्टी एकाच वर्षी घडणं हा योगायोग, पण गावकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर सरकार आणखी लांब गेलं आणि बंदूकवाला दारात आला, असंच ते झालं.

दारात आला तो मजुरीचा प्रश्न घेऊन. बिडीसाठीच्या तेंदूपत्त्याच्या पुड्याला ठेकेदार देईल तो भाव, कागद कारखान्यासाठी बांबू तोडणाऱ्याला मिळेल ती मजुरी, वनरक्षक आणि तलाठी यांचा जाच वेगळाच. दलमांनी हे दर वाढवून घेतले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग त्याच ठेकेदारांकडून खंडणी सुरू झाली. तेंदूच्या हंगामातली वसुली हा चळवळीच्या खजिन्याचा मोठा स्रोत झाला आणि पुढे तीच पद्धत रस्त्याच्या कंत्राटांना लागू झाली. म्हणजे सरकारच्या अर्थसंकल्पातला काही भाग फिरून सरकारवरच झाडल्या जाणाऱ्या गोळ्यांत जात होता. हे सगळ्यांना माहीत होतं. लेखापरीक्षणात त्याला शीर्ष नव्हतं, एवढंच.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा काढला. कचेरी जवळ आली की राज्य जवळ येईल, हा हिशेब. तो चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता. मुख्यालय जिल्ह्याच्या उत्तरेला, तर सिरोंचा पार दक्षिणेच्या टोकाला. रेल्वे फक्त वडसा म्हणजे देसाईगंजपर्यंत. वडसा-गडचिरोली हा जेमतेम ५२ किलोमीटरचा मार्ग, निम्मा खर्च राज्याचा. २०११ च्या सुमारास मंजूर झाला आणि मग जमीन, जंगल, वाढीव खर्च यांत वर्षानुवर्षं अडकून पडला. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं तेव्हा त्याचा खर्च १६,६०० कोटी रुपये सांगितला गेला, लांबी सुमारे १२ किलोमीटर. २०१६ मध्ये केंद्राने नक्षलग्रस्त भागांतल्या रस्त्यांसाठी जी योजना आणली ती ४४ जिल्ह्यांसाठी होती, ५,४०० किलोमीटरहून जास्त रस्ते आणि १२६ पूल, आणि एकूण रक्कम ११,७२५ कोटी. बोगदा नको असं कुणीच म्हणत नाही. घोडबंदरच्या कोंडीत अडकलेला माणूस तर नाहीच म्हणणार. आकडे शेजारी ठेवून पाहावेत, इतकंच.

निधीची अगदी वानवा होती असंही नाही. आदिवासी उपयोजना, म्हणजे आदिवासींसाठी अर्थसंकल्पात वेगळा ठेवलेला हिस्सा, १९७० च्या दशकापासून होती. ती कागदावर राहते, प्रत्येक खातं आपापला हिस्सा दाखवून मोकळं होतं, ही तक्रार जुनी. त्यावर सुखठणकर समितीने मार्ग सुचवला: आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ९ टक्के, रक्कम आधीच बाजूला काढायची आणि ती आदिवासी विकास विभागाच्या ताब्यात द्यायची. १९९३-९४ पासून राज्याने ते स्वीकारलं. त्याच सुमारास, १ मे १९९४ ला, विदर्भासह तिन्ही वैधानिक विकास मंडळं आली आणि अनुशेषाचे तक्ते सुरू झाले. तक्त्यांत विदर्भ दिसायचा, गडचिरोलीतलं दुर्गम एटापल्ली दिसत नव्हतं.

पैसा पोहोचला तरी काम उभं राहीना. निविदा काढावी तर भरायला कुणी नाही. दुसऱ्यांदा काढावी, तिसऱ्यांदा काढावी, मग कुणीतरी चढ्या दराने भरणार. काम सुरू झालं की रात्री दलम येणार, चालकाला खाली उतरवणार, डिझेलच्या टाकीला आग लावणार. पोकलेन, टिप्पर, मिक्सर यांचे सांगाडे रस्त्याकडेला गंजत पडलेले. डिसेंबर २०१६ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या पहाडावर लोहखनिज वाहणारी ७५ हून जास्त वाहनं एका झटक्यात जाळली. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची यंत्रं आणि वाहनं पेटवली, आणि तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. १५ जवान आणि चालक गेले. महाराष्ट्र दिनाच्या परेडचं साहित्य अजून मैदानातून उचललंही नव्हतं.

अशा ठिकाणी रस्ता बांधायचा म्हणजे काय करायचं, हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे. पहाटे रोड ओपनिंग पार्टी निघते. दोन्ही कडेने झाडीतून जवान चालतात, पुढे सुरुंगशोधक यंत्र, प्रत्येक मोरीखाली वाकून पाहणं, कारण सुरुंग पेरायला मोरीसारखी सोयीची जागा नाही. मग मुरूम-गिट्टीचे टिप्पर सुटतात. उन्हं कलायच्या आत सगळी यंत्रं पोलीस ठाण्याच्या आवारात परत. दिवसाचे हाताशी येतात ते काही तास. हा वेळ, हा बंदोबस्त कुठल्याच दरसूचीत बसत नाही. म्हणून डांबरापेक्षा सिमेंट काँक्रीटचा आग्रह धरला गेला: एकदा केलं की उकरायला अवघड. सीमा सडक संघटनेचा हिरक प्रकल्प १९८७ मध्ये उभा राहिला तोही याच पट्ट्यातल्या रस्त्यांसाठी. लष्करी धाटणीच्या संस्थेने तालुक्याचे रस्ते बांधायचे, यातच सगळं आलं.

२००९ हे वर्ष जिल्ह्यात कुणी विसरत नाही. फेब्रुवारीत मरकेगाव, मे मध्ये हत्तीगोटा, ऑक्टोबरमध्ये लाहेरी. नक्षलवाद्यांच्या या तीन हल्ल्यांत ४८ पोलीस मारले गेले. त्यानंतर दिल्ली हलली. नोव्हेंबर २०१० मध्ये योजना आयोगाने देशातल्या ६० जिल्ह्यांसाठी एकात्मिक कृती आराखडा आणला; महाराष्ट्रातून गडचिरोली आणि गोंदिया. पहिल्या वर्षी जिल्ह्याला २५ कोटी, दुसऱ्या वर्षी ३० कोटी. ही रक्कम मोठी नव्हती. मोठी गोष्ट होती ती सही कुणाची. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वन अधिकारी अशा तिघांनी बसायचं आणि कामं ठरवायची. जिल्हा परिषदेचा ठराव नको, आमदाराचं पत्र नको. अंगणवाड्या, हातपंप, आश्रमशाळांच्या इमारती, छोटे पूल भराभर झाले. लोकप्रतिनिधींची कुरकुर झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती: विकासाची कामं ठरवणाऱ्या तिघांपैकी एक पोलीस आणि दुसरा वनखात्याचा, ज्यांच्या जाचाच्या गोष्टींवर चळवळ वाढली तेच. वनजमिनीचा अडसरही याच काळात सैल झाला. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत सार्वजनिक कामांसाठी आधी ५ आणि नंतर ४० हेक्टरपर्यंत सरसकट मान्यता मिळाली. जे २५-३० वर्षं कायद्यात बसत नव्हतं ते बसायला लागलं.

गंमत अशी की त्याच २००९ मध्ये, आणि मरकेगाव ज्या तालुक्यात आहे त्याच धानोऱ्यात, अगदी दुसरी वाट निघाली होती. मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच, म्हणून दोन वर्षं हक्क नुसता कागदावर. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे अनेक ग्रामसभा स्वतः तेंदूचे लिलाव करू लागल्या, मजुरी आणि नफा खात्यात जमा होऊ लागला. राज्याने पेसाचे, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचे, नियम २०१४ मध्ये केले आणि पुढच्या वर्षीपासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध, म्हणजे कामाची अट नसलेला, निधी थेट ग्रामपंचायतींना जाऊ लागला. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पेसा गावांनाही तोच मिळतो. गडचिरोलीच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मला सगळ्यात टिकाऊ वाटणारी गोष्ट हीच, आणि नेमकी हीच पत्रकार परिषदांत कमी ऐकू येते. ग्रामसभेच्या कामाची फीत कापायला मंत्री कशाला येईल?

फीत कापली जाते ती पोलीस ठाण्याची. नोव्हेंबर २०२३ मध्ये वांगेतुरी, जानेवारी २०२४ मध्ये गर्देवाडा, डिसेंबरमध्ये पेनगुंडा, मार्च २०२५ मध्ये कवंडे. शेकडो जवान आणि यंत्रं नेऊन २४ तासांत ठाणं उभं करायचं, अशी पद्धत बसली. ठाण्यामागोमाग मोबाइल टॉवर, रस्ता आणि एसटी. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अहेरी-गर्देवाडा एसटी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर त्या गावात आलेली ती पहिली बस. जातीचा दाखला, पॅन कार्ड, बियाणं, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळ्यांसाठी 'पोलीस दादालोरा खिडकी'. लोकांची सोय झाली, यात वाद नाही. पण तहसीलदार, कृषी सहायक, तलाठी यांचं काम हवालदार करतो, आणि ती पदं रिकामी आहेत हे मग कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आता प्रश्न पुढच्या ताळेबंदाचा. सुरक्षाविषयक खर्चाची परतफेड केंद्र १९९६ पासून करतं. अतिग्रस्त ३५ जिल्ह्यांसाठी वर्षाला १,००० कोटींचं विशेष साहाय्य २०१७ पासून सुरू झालं. हे सगळं यादीला बांधलेलं. यादीतून नाव गेलं की आज ना उद्या तेही आटणार. एकस्तर वेतनश्रेणीवरही हा जिल्हा आता कसला नक्षलग्रस्त, असा शेरा मंत्रालयात कुणीतरी मारेलच.

ती जागा भरून काढायला लोहखनिज आहे. सूरजागडची ३४८ हेक्टरची खाण-लीज २००७ ची. २०१३ मध्ये खाण कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची हत्या झाली, २०१६ ची जाळपोळ झाली, आणि काम खऱ्या अर्थाने मार्गी लागलं ते २०२१ नंतर. २०२३ मध्ये उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. लीज २०१५ च्या आधीची असल्याने स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा व्हावी लागते. खाणबाधित गावांसाठीचा हा पैसा जिल्ह्याने आजवर पाहिलेल्या कुठल्याही निधीपेक्षा मोठा होऊ शकतो. त्याच सूरजागडला दर जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला इलाख्यातल्या ग्रामसभा जमतात आणि खाणीविरोधात ठराव करतात. प्रतिष्ठानाच्या कामांची यादी त्या ग्रामसभांपुढे ठेवायची की जिल्हा मुख्यालयातच ठरवायची, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तूर्त दिसतं ते असं: खनिजाच्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी रस्त्याची चाळण केली, अपघात झाले, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारने ट्रकांसाठी वेगळा खनिज मार्ग आखला. जुना रस्ता, ज्यावरून एसटी आणि रुग्णवाहिका जाते, त्याच्या दुरुस्तीसाठी लोक अजून निवेदनं देतायत.